नमुन्यात जिवाणू नाही म्हणजे विष नाही, असे नव्हे

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

लग्नसराई सुरू झाली की आपल्या जिल्हा पानावर एक बातमी हमखास येते. अमुक गावात जेवणानंतर पाहुण्यांना उलट्या, ग्रामीण रुग्णालयात खाटा अपुऱ्या, सर्वांची प्रकृती स्थिर. बातमीचे शेवटचे वाक्यही ठरलेले असते: अन्नाचे नमुने तपासणीसाठी प्रयोगशाळेत पाठवले असून अहवाल आल्यानंतर नेमके कारण स्पष्ट होईल. हे नमुने ज्या बाकावर येतात, त्या बाकावर माझ्या नोकरीची सारी वर्षे गेली. मराठवाड्यातल्या एका प्रयोगशाळेत सूक्ष्मजीवशास्त्र विभागात मी तंत्रज्ञ होते. त्या अहवालात काय असते आणि काय नसते, हे आपल्या वाचकांपर्यंत पोचावे म्हणून लिहिते आहे. पत्र लांबले आहे, पण कृपया कापू नये. यातला तपशीलच महत्त्वाचा आहे.

नमुना आला की आम्ही त्यातले 25 ग्रॅम वजन करून घेतो, पेप्टोनच्या पाण्यात घोटतो, त्याचे दहापट, शंभरपट, हजारपट पातळ द्रावण करतो आणि वेगवेगळ्या प्लेटांवर पसरतो. प्लेटा इनक्युबेटरमध्ये 37 अंशांवर जातात. स्टॅफिलोकोकस ऑरियस हा जिवाणू असेल तर बेअर्ड-पार्कर अगरवर (जिवाणू वाढवायच्या पोषक थरावर) 48 तासांनी काळ्याभोर, चकचकीत कॉलनी, म्हणजे जिवाणूंचे पुंजके, उठतात. प्रत्येकीभोवती आधी धुरकट आणि मग स्वच्छ पारदर्शक कडे दिसते. मग ओळख पक्की करायला सशाच्या प्लाझ्मात कोअ‍ॅग्युलेज चाचणी, मग मोजणी. साल्मोनेला, शिगेला, ई. कोलाय या इतर जिवाणूंसाठी वेगळ्या प्लेटा, वेगळी पद्धत. हे सगळे चांगले, जुने, भरवशाचे काम आहे. पण यातली प्रत्येक पायरी जिवंत जिवाणू शोधते. जिवाणू मेलेला असेल तर प्लेट कोरी राहते आणि अहवालात लिहिले जाते: 'रोगकारक जिवाणू आढळले नाहीत.'

असा एक अहवाल माझ्या मनातून कधी गेला नाही. एका लग्नातली बासुंदी होती. रात्री करून मोठ्या पातेल्यात तशीच झाकून ठेवलेली, सकाळी पुन्हा खळखळून उकळलेली आणि दुपारी वाढलेली. जेवण आटोपून दोन-तीन तास होत नाहीत तोच माणसे ओकू लागली. ताप जवळपास कोणालाच नव्हता. दुसऱ्या दिवशी बहुतेक जण उठून कामाला लागले होते. बासुंदी आमच्याकडे प्लॅस्टिकच्या डब्यात आली. सगळ्या प्लेटा कोऱ्या निघाल्या. मी तिचा एक पातळ थर काचपट्टीवर घेतला, झायलीनने स्निग्धांश काढला, ग्रॅमचे रंजन (जिवाणू दिसावेत म्हणून रंग देण्याची पद्धत) केले आणि सूक्ष्मदर्शकाखाली धरले. जांभळ्या गोल जिवाणूंचे घोस होते, द्राक्षांसारखे, एकेका क्षेत्रात कितीतरी. उकळल्याने सगळे मेलेले, म्हणून प्लेटवर एकही वाढला नाही. मरायच्या आधी रात्रभर त्यांनी त्या गोड, कोमट दुधात काय सोडले असेल, ते तपासायचे साधन आमच्याकडे नव्हते. अहवाल 'आढळले नाहीत' असाच गेला. आचाऱ्यांपैकी कोणाच्या बोटाला फोड होता का, हे कोणी विचारायलाही गेले नाही, कारण कागदावर बासुंदी निर्दोष ठरली होती. माझ्या मनाची खात्री होती, पण हातात पुरावा नव्हता.

स्टॅफिलोकोकस ऑरियस आपल्यातल्या अनेकांच्या नाकात आणि त्वचेवर असतो. फोडात, चिघळलेल्या जखमेत तर फारच. हाताने कालवलेल्या, वळलेल्या पदार्थात तो सहज उतरतो: पेढे, खवा, श्रीखंड, सोललेले उकडलेले बटाटे. कोमट राहिलेल्या अन्नात तो वाढतो आणि एका ग्रॅममध्ये लाखाच्या घरात पोचला की आजारी पाडण्याइतके विष तयार झालेले असू शकते. या विषाला एन्टेरोटॉक्सिन म्हणतात. जिवाणू उकळून मरतो, विष मरत नाही. 100 अंशांवर अर्धा तास उकळूनही ते पोटात आपले काम करते, आणि त्यासाठी एक मायक्रोग्रॅमपेक्षाही कमी मात्रा पुरते. 'पुन्हा चांगले उकळून घेतले होते हो' असे यजमान कळवळून सांगतात तेव्हा ते खरेच सांगत असतात.

भातातला बॅसिलस सेरियस हा जिवाणू याहून चिवट. भात शिजवताना त्याचे बीजाणू, म्हणजे कठीण कवचातली सुप्त रूपे, मरत नाहीत. शिजलेला भात परातीत ढीग करून रात्रभर ठेवला की ते रुजतात आणि सेर्युलाइड नावाचे विष बनवतात. हे विष 121 अंशांवर, म्हणजे आम्ही ज्या ऑटोक्लेव्हमध्ये काचसामान निर्जंतुक करतो त्या तापमानावर, दीड तास ठेवले तरी टिकते. सकाळी त्याच भाताला फोडणी दिल्याने त्याचे काहीच बिघडत नाही. वसतिगृहांत आणि आश्रमशाळांत उरलेल्या भाताचा फोडणीचा भात सर्रास होतो, म्हणून हे मुद्दाम लिहिले.

जिवाणू नसतानाही त्याचे विष एकटे रोग घडवू शकते, हे जगाला दाखवून देणाऱ्यांत आपल्याच देशातले लोक होते, याचा मला फार अभिमान आहे. पटकीच्या (कॉलराच्या) जिवाणूचे विष असावे असा तर्क जर्मन शास्त्रज्ञ रॉबर्ट कॉखने 1884 मध्येच केला होता, पण ते कोणाला दाखवता येत नव्हते. कोलकात्यात शंभुनाथ डे यांनी सशाच्या आतड्याचा तुकडा दोन्ही टोकांना बांधून त्यात पटकीच्या जिवाणूंचे कल्चर (वाढवलेल्या जिवाणूंचा द्रव) सोडण्याची पद्धत बसवली. पुढे 1959 मध्ये त्यांनी कल्चर गाळून, एकही जिवाणू नसलेला निवळ द्रव आतड्यात सोडला, आणि तरीही आतडे पाण्याने तट्ट फुगले. त्याच वर्षी मुंबईत परळच्या हाफकिन संस्थेत एन. के. दत्ता, पानसे आणि कुलकर्णी यांनी सशाच्या पिलांवर स्वतंत्रपणे काम करून पटकीच्या विषाची भूमिका मांडली. साध्या उपकरणांवर हे झाले. ज्या राज्यात हे घडले, त्या राज्यात अन्नाच्या नमुन्याचा गाळलेला द्रव आजही तपासणीशिवाय मोरीत ओतला जावा, याचे मला वाईट वाटते.

विष शोधलेच नाही तर काय होऊ शकते, याचा मोठा धडा जपानचा. जून 2000 मध्ये ओसाका परिसरात स्नो ब्रँड कंपनीचे कमी स्निग्धांशाचे दूध प्यायलेले लोक आजारी पडू लागले. अखेरची संख्या 13,420 झाली. दुधात वापरलेल्या साय काढलेल्या दुधाच्या पावडरीत जिवंत स्टॅफिलोकोकस सापडला नाही. सापडले ते एन्टेरोटॉक्सिन ए, ग्रॅममागे चार नॅनोग्रॅमहूनही कमी. शोध मागे मागे जात होक्काइदोतल्या तैकी इथल्या कारखान्यात पोचला. 31 मार्चला तिथे सुमारे तीन तास वीज गेली होती आणि दूध कोमट अवस्थेत पडून राहिले होते. नंतरच्या प्रक्रियेत जिवाणू मेले, विष पावडरीत उतरले आणि अडीच-तीन महिन्यांनी शेकडो मैल दूर माणसांच्या पोटात गेले. तिथल्या प्रयोगशाळांनी फक्त प्लेटा लावून 'आढळले नाहीत' असे लिहिले असते, तर ती पावडर विकली जातच राहिली असती. वीज जाणे, दूध कोमट राहणे, या गोष्टी आपल्याकडे किती नेहमीच्या आहेत, हे आपल्या वाचकांना मी सांगायला नको.

विष शोधायच्या पद्धती काही परग्रहावरच्या नाहीत. सर्वांत सोपी लॅटेक्स ॲग्लुटिनेशनची. लॅटेक्सच्या अतिसूक्ष्म मण्यांवर त्या विषाविरुद्धचे प्रतिपिंड (अँटिबॉडी, विषाला ओळखून धरणारे रेणू) चिकटवलेले असतात. तळाशी निमुळत्या होत गेलेल्या खळग्यांच्या प्लेटमध्ये नमुन्याचा निवळ अर्क घालायचा, मण्यांचा एक थेंब सोडायचा आणि रात्रभर हलवायचे नाही. सकाळी काळ्या कागदावर प्लेट ठेवून वरून पाहायचे. विष नसेल तर मणी घसरत घसरत तळाशी येतात आणि मधोमध पांढरा ठिपका दिसतो. विष असेल तर मणी एकमेकांना धरतात आणि खळग्याभर धूसर पडदा पसरतो. मी हे एका प्रशिक्षणात स्वतःच्या हाताने केले आहे. महागडे यंत्र काही लागत नाही. पिपेट, प्लेट, फ्रिज आणि किट एवढेच लागते.

दुसरी पद्धत एलायझा. कोविडच्या काळात हा शब्द घराघरात गेला. इथे प्रतिपिंड खळग्याच्या तळाशी असतात, विष त्यांना चिकटते, वर विकर (एन्झाइम) जोडलेले दुसरे प्रतिपिंड बसतात आणि शेवटी रंग येतो. रंगाची तीव्रता रीडरवर मोजायची. विष फार कमी असेल तर आधी अर्क डायलिसिसच्या नळीत भरून पॉलिएथिलीन ग्लायकॉलमध्ये रात्रभर ठेवतात, म्हणजे पाणी शोषले जाऊन अर्क घट्ट होतो. युरोपात 2005 च्या नियमानुसार चीज आणि दूध पावडरमध्ये स्टॅफिलोकोकस ग्रॅममागे एक लाखाच्या वर गेला, तर त्या मालाची एन्टेरोटॉक्सिनसाठी तपासणी सक्तीची आहे. त्यासाठी 2017 मध्ये आंतरराष्ट्रीय मानक पद्धतही ठरली आहे.

या पद्धतींत खाचाखोचा आहेत, त्या लपवून मागणी करणे मला पटत नाही. दुधातले पेरॉक्सिडेज हे नैसर्गिक विकर एलायझात खोटा रंग आणू शकते. स्टॅफिलोकोकसचेच प्रोटीन-ए हे प्रतिपिंडांना भलत्या बाजूने धरते आणि निकाल खोटा पॉझिटिव्ह येतो. उलट, फार तापलेल्या अन्नात विषाच्या रेणूची घडी बिघडते, प्रतिपिंडाला ते ओळखता येत नाही, पण पोटाला त्याचा त्रास होऊ शकतो. म्हणून किट आणून दिले आणि काम झाले असे नाही. नियंत्रण नमुने (ज्यांचा निकाल आधीच माहीत असतो असे) लावणारा, शंका आली तर पुन्हा करणारा, प्रशिक्षित माणूस लागतो. पीसीआरचेही तसेच. कोविडनंतर जिल्ह्याजिल्ह्यांत पीसीआर यंत्रे आली आहेत. विष बनवणारा जनुक नमुन्यात आहे की नाही, हे त्यांवर काही तासांत कळू शकते, अगदी मेलेल्या जिवाणूंतूनही. पण जनुक असणे म्हणजे विष तयार झालेले असणे नव्हे. ती पहिली चाळणी म्हणून वापरावी, अंतिम निकाल म्हणून नाही.

सेर्युलाइडला मात्र एलायझा चालत नाही. तो रेणू इतका लहान की त्याच्याविरुद्ध प्रतिपिंड नीट बनतच नाहीत. पूर्वी ते पेशींच्या कल्चरवर किंवा डुकराच्या शुक्रजंतूंवर तपासत, विष असले की शुक्रजंतूंची हालचाल थांबते. आता ते एलसी-एमएस यंत्रावर, म्हणजे रेणू वेगळे करून त्यांच्या वजनावरून ओळखणाऱ्या यंत्रावर, मोजतात. इतके महाग यंत्र आपल्याकडे कुठून येणार, असे कोणी म्हणेल. ते आपल्याकडे आहे. आपली द्राक्षे युरोपला जातात तेव्हा कीटकनाशकांचे अंश तपासायला याच जातीची यंत्रे चालतात, आणि पुण्याजवळ मांजरीच्या राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्रात त्यासाठीची राष्ट्रीय संदर्भ प्रयोगशाळाच आहे. ती तपासणी व्हायलाच हवी, शेतकऱ्याचे पोट तिच्यावर आहे. माझे म्हणणे एवढेच की परदेशातल्या ग्राहकासाठी आपण किलोमागे मिलिग्रॅमच्या शतांशापर्यंत अंश मोजू शकतो, तर आश्रमशाळेतल्या मुलीच्या ताटातल्या भातासाठीही मोजू शकतो.

नुसत्या जिवाणूच्या नावावर विसंबणे किती फसवे, याचे एक उदाहरण शेजारच्या गुजरातमधले आहे. सप्टेंबर 1996 मध्ये तिथल्या एका निवासी शाळेतल्या मुलांना बोटुलिझमसारखी (अन्नातल्या विषाने स्नायू लुळे पडण्याच्या आजारासारखी) लक्षणे दिसली. 34 मुले आजारी पडली, तिघे दगावले. बोटुलिझम म्हटले की क्लोस्ट्रिडियम बोटुलिनम हेच नाव डोळ्यांसमोर येते. पण मुलांनी खाल्लेल्या शेवेतून निघाला तो क्लोस्ट्रिडियम ब्युटिरिकम, जो एरवी कोणी गंभीरपणे घेत नाही. त्याच्याकडे बोटुलिनमच्या ई प्रकारच्या विषाचा जनुक होता. विषाचा माग काढला नसता, तर त्या जिवाणूला निरुपद्रवी समजून बाजूला टाकले गेले असते.

मग आपल्याकडे हे का होत नाही? मी पाहिलेले एक कारण अगदी कागदी आहे. विषाच्या किटची मुदत काही महिन्यांची असते. मागवले आणि त्या काळात विषबाधेची घटना घडली नाही, तर किट मुदतबाह्य होते आणि लेखापरीक्षणात 'निरुपयोगी खर्च' असा आक्षेप येतो. तो आक्षेप ज्याच्या सहीवर येतो, तो पुन्हा मागणी नोंदवत नाही. आमच्याकडे असेच झाले. माझे त्या अधिकाऱ्यांशी भांडण नाही, नियमच तसा आहे. पण अग्निशामक नळकांडे वर्षभर वापरले गेले नाही म्हणून कोणी आक्षेप घेत नाही. विषाच्या किटलाही तोच न्याय लावावा आणि तसा स्पष्ट शासन निर्णय काढावा.

दुसरे कारण नमुन्याचे. अन्न सुरक्षा अधिकारी किंवा आरोग्य कर्मचारी पोचेपर्यंत पातेली घासून ठेवलेली असतात. घरचे लोक लाजेने, भीतीने अन्न पुरून टाकतात. जे उरते ते उन्हात तापलेल्या जीपमधून, बर्फाशिवाय येते. वाटेत जिवाणू वाढून पार भलतेच चित्र दिसते. रुग्णाच्या उलटीचा नमुना तर माझ्या आठवणीत फार क्वचित आला, आणि स्टॅफिलोकोकसच्या बाबतीत तोच सर्वांत बोलका असतो. मटणाच्या किंवा डाळीच्या मोठ्या हंड्यातून होणाऱ्या क्लोस्ट्रिडियम परफ्रिन्जेन्सच्या त्रासात विष अन्नात नव्हे, आतड्यात तयार होते. तिथे शौचाचा नमुना घेतला नाही तर अन्न कितीही तपासा, विष सापडायचे नाही.

माझ्या मागण्या साध्या आहेत. प्रत्येक महसूल विभागात किमान एका प्रयोगशाळेत स्टॅफिलोकोकसची एन्टेरोटॉक्सिने आणि परफ्रिन्जेन्सचे विष तपासायची कायम सोय असावी, आणि जिल्ह्यातून नमुना शीतपेटीतून तिथे 24 तासांत पोचावा. सेर्युलाइडसाठी राज्यात एक केंद्र पुरे. अहवालाच्या छापील फॉर्ममध्ये 'विषासाठी तपासणी केली / केली नाही' असा रकाना छापावा. हे सर्वांत स्वस्त आहे आणि उद्यापासून होऊ शकते. तपासलेच नसेल तर तसे लिहा, म्हणजे 'आढळले नाहीत' याचा अर्थ कोणी 'नव्हते' असा घेणार नाही.

आणि सामूहिक स्वयंपाकघरांसाठी एक. जपानमध्ये 1996 साली साकाई शहरात शाळकरी मुलांमध्ये ई. कोलाय ओ-157 ची मोठी साथ आली. त्यानंतर तिथे मोठ्या स्वयंपाकघरांना प्रत्येक पदार्थाचे सुमारे 50 ग्रॅम उणे 20 अंशांवर दोन आठवडे जपून ठेवायला सांगितले गेले. आपल्या आश्रमशाळांत आणि वसतिगृहांत डीप फ्रीझर सगळीकडे नसेल, वीज जाते हेही खरे. तरी स्वच्छ झाकणाच्या डबीत प्रत्येक पदार्थाची वाटीभर बाजूला काढून, तारीख लिहून, साध्या फ्रिजमध्ये तीन दिवस ठेवणे जमण्यासारखे आहे. शालेय पोषण आहारात मुलांच्या आधी शिक्षकांनी चव घेण्याचा नियम आहे, तो चांगलाच आहे. पण या विषांना चव नसते, वास नसतो.

आपल्या वार्ताहरांनाही विनंती. घटनेच्या बातमीत जेवणाची वेळ आणि पहिल्या उलटीची वेळ, या दोन गोष्टी जरूर विचारा. अर्ध्या तासापासून सहा-आठ तासांत, तापाशिवाय उलट्या झाल्या असतील तर आधीच बनलेल्या विषाचा संशय घ्यावा. सहा ते चोवीस तासांनी पोटात कळा आणि जुलाब असतील तर परफ्रिन्जेन्स. ताप असेल, दिवसभराने त्रास सुरू झाला असेल, तर साल्मोनेलासारखे जिवाणू. ही निदानाची पहिली पायरी आहे आणि तिला एक रुपया लागत नाही. कायद्याने अन्न विश्लेषकाने नमुना मिळाल्यापासून 14 दिवसांत अहवाल द्यायचा असतो. पंधराव्या दिवशी आपल्या वार्ताहराने फोन करावा, अहवाल काय आला आणि विष तपासले का, हे दोन प्रश्न विचारावेत, आणि उत्तर मूळ बातमी जिथे छापली त्याच पानावर छापावे.

ज्यांच्या घरी असा प्रसंग येईल त्यांनी घाबरून अन्न फेकू नये. स्वच्छ चमच्याने प्रत्येक पदार्थाची वाटी-दीड वाटी धुऊन वाळवलेल्या डब्यात काढावी, झाकण घट्ट लावून फ्रिजमध्ये खालच्या कप्प्यात ठेवावी, फ्रीझरमध्ये नको. डब्यावर पदार्थाचे नाव आणि वेळ लिहावी. पुन्हा गरम करू नये. रुग्णालयात उलटी होत असेल तर नमुना ठेवण्यासाठी डॉक्टरांकडे झाकणाची बाटली मागावी. आरोग्य कर्मचारी आले की हे सगळे त्यांच्या हाती द्यावे आणि पोच घ्यावी.

कळावे,
आपली विश्वासू,
एक निवृत्त प्रयोगशाळा तंत्रज्ञ, लातूर